सतरा खांबांचा आकडा

८ डिसेंबर, सोमवार

दुपारी नगमाचा अकोल्याहून फोन आला. "मॅडम, इथं सतराच खांब उभे केलेत."

"हो. अध्यक्षांची कोनशिला आडवी आली, म्हणून दोन गाळले."

"पण मी एकोणीस तपासले होते."

"अगं, सतराही मूळ संख्याच आहे की."

"हो मॅडम. सतरा आहे मूळ," म्हणाली, आणि तास आहे म्हणून फोन ठेवला. मला गंमत वाटली. सहा वर्षं तासिकेवर शिकवते आहे, दर जूनला नवा अर्ज करते आहे, आणि ही बाई खांब मोजते.

संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलत होते. निम्मी टोपली झाली आणि हात थांबला.

आमच्या संस्थेची दोन कॉलेजं आहेत. अमरावतीच्या कॉलेजात मी गणिताची विभागप्रमुख, अकोल्याच्या कॉलेजात नगमा शिकवते, माझीच जुनी विद्यार्थिनी. अध्यक्ष खुशालराव यांना अकोल्याच्या आवारात संस्थेच्या एकीचं स्मारक हवं होतं. मला बोलावून म्हणाले, "बाई, आपल्याकडं आहेराले कोणी पन्नास देते का? एकावन्न देते. पाचशे नाही, पाचशे एक. वरचा एक काहून? तुटू नये म्हणून. मले असा आकडा पाह्यजे का ज्याच्यात निरे एकच एक आहेत, अन् जो कोणाच्या बापाच्यानं तुटणार नाही."

एकावन्नाला तिनानं भाग जातो आणि पाचशे एकालाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आमचे प्राचार्य या महिनाअखेर निवृत्त होतात. त्या खुर्चीसाठी जिचं नाव चर्चेत आहे तिनं अध्यक्षांच्या आहेराचे अवयव पाडत बसू नये.

मी त्यांना एकोणीस एक्के दिले. एकापुढे एक असा एकोणीस वेळा एक लिहिला की जी अगडबंब संख्या होते ती मूळ आहे. एकानं आणि तिनं स्वतः, एवढ्यानंच तिला भाग जातो. नगमानं ती तपासून 'बरोबर आहे' असं कळवलं. जहीरभाईंनी काळ्या दगडाचे एकोणीस खांब घडवले, एकेक खांब म्हणजे एकेक एक्का. मग नोव्हेंबरात मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर असताना अध्यक्षांचा फोन: "बाई, जागा पुरून नाही राहिली. सतरा चालतीन का?" समोर एक मुलगा बाहीत काहीतरी शोधत होता, माझं लक्ष त्याच्या बाहीत. मी म्हटलं, "सतरा मूळ आहे, चालेल."

सतरा मूळ आहेच. सतरा एक्क्यांचं काय? एक्के किती ते मूळ असावं लागतं, हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. तीन मूळ आहे, तरी एकशे अकराला सदतिसानं भाग जातो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि चुकणाऱ्यांवर जीभ चालवते.

शेंगा तशाच टाकून संगणकाला विचारलं. त्यानं क्षणात दोन तुकडे करून दिले. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस हा एक. दुसरा पाचशे छत्तीस कोटींच्या घरात. गुणाकार हातानं करून पाहिला. बरोबर आला. इतका बरोबर यायची गरज नव्हती.

खांबांपुढे पितळी पाटी लागली आहे: 'ही संख्या अविभाज्य आहे. तपासणी: प्रा. नगमा परवीन.' नाव टाकायला मीच सुचवलं होतं. बावीस तारखेला, गणित दिनी, अनावरण आहे, आणि त्याच मांडवात नगमाला कायम नेमणुकीची ऑर्डर मिळायची आहे. अध्यक्षांच्या नजरेत तिचं नाव राहावं म्हणून मी मनाचा मोठेपणा दाखवला होता. हा मोठेपणा आता पितळेत कोरला गेलाय.


९ डिसेंबर, मंगळवार

देवीदासांना सांगितलं. आमचे हे पाटबंधारे खात्यात आहेत. चहात पोळी बुडवत ऐकत होते.

"मंग सांगून टाक न," म्हणाले.

"काय सांगू?"

"चुकली म्हणून."

"तुमच्या खात्यात सांगतात का असं?"

"आमच्या खात्यात चूक नसते, सुधारित अंदाजपत्रक असते. तुमच्याकडं तसं काही नाही का?"

विचार केला तर आहे. गाळलेले दोन खांब परत उभे केले की एकोणीस होतात, संख्या मूळ होते, पाटी खरी होते आणि कोणाला काही सांगावं लागत नाही. आकड्याची दुरुस्ती आकड्यानंच करायची. फक्त त्या दोन खांबांसाठी एक सयुक्तिक कारण हवं. खरं कारण सोडून.


१२ डिसेंबर, शुक्रवार

बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. जहीरभाई आवारातच होते, पायऱ्यांना पॉलिश मारत. गाळलेले दोन खांब कँटीनमागे आडवे पडलेत. त्यांच्यावर बसून मुलं समोसे खातात.

"जहीरभाई, हे दोन खांब त्या ओळीत बसवता येतील का?"

"येतीन न. कोनशिला उचला, दोघंही बसतात आरामात."

"कोनशिला न उचलता?"

"मॅडम, दगड आहे तो. माणसासारखा पोट आत घेऊन थोडी सरकते?" त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "अध्यक्षसाहेबाच्या वडलाचं नाव आहे त्याच्यावर. तुमी त्याहीले फोन लावून द्या, मी आजच हात लावतो. पण ते इचारतीन, कायच्यासाठी. काय सांगू?"

"शोभेसाठी."

जहीरभाईंनी ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "शोभा तर आताच लय झाली," म्हणाले आणि पुन्हा पायरीला लागले.

नगमानं स्टाफरूममध्ये चहा दिला. तिथं दुसरं कोणी नव्हतं. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

"नाही गं. सहज आले. तयारी पाहायला."

"बरं." तिनं कपाची कड पुसली. "धामणगाव रेल्वे गावातल्या एका शाळेतून मला पत्र आलं होतं. पूर्ण पगाराची जागा होती. परवा त्यांना नाही म्हणून कळवलं."

"का?"

"इथली ऑर्डर येणार आहे न, म्हणून. अम्मी तर मिठाई वाटायला निघाली होती. मी म्हटलं, अम्मी, बावीस तारीख होऊ दे."

मी म्हटलं, चांगलं केलंस. आणि म्हटलं, बावीसपर्यंत कोणाशी काही बोलू नकोस, संस्थेत भिंतींनाही कान असतात. "मी कोणाला काय बोलणार मॅडम?" म्हणाली. समजूतदार आहे. तिला अजून काही कळलेलं दिसत नाही, हे एक बरं.


१४ डिसेंबर, रविवार

अध्यक्षांना फोन केला. वास्तुशास्त्राचं कारण काढलं. ज्या शास्त्रावर मी स्टाफरूममध्ये पंधरा वर्षं तोंडसुख घेतलं, त्याच्या पाया पडले. म्हटलं, सतरा खांब त्या दिशेला बरे नव्हेत म्हणतात, एकोणीस केले तर बरं.

"कोन म्हणते?"

"आहेत एक जाणकार."

"बाई, आमच्या वास्तुवाल्यानंच कोनशिला तिथं ठेवाले लावली. आता तुमचा जाणकार अन् माझा जाणकार समोरासमोर बसवू का? अन् तुमी कवापासून दिशा पाहून राहिल्या?" हसले. मग म्हणाले, "बाकी काही सांगाचं आहे का?"

"नाही जी."

खरं कारण एका वाक्याचं आहे. ते सोडून मी सहा कारणं तयार केली होती, त्यांतलं सगळ्यात चांगलं हेच होतं.


१६ डिसेंबर, मंगळवार

आज एक चांगली गोष्ट घडली. सकाळी अध्यक्षांचा फोन. आवाज नेहमीपेक्षा हळू. म्हणाले, नागपूरच्या पाहुण्यांशी बोलणं झालं. (अनावरणाला येणारे हे गृहस्थ गणितातलं बडं प्रस्थ आहेत. त्यांच्याच भीतीनं माझं जेवण अर्ध्यावर आलंय.) भाषणासाठी त्यांनी आकड्याची माहिती मागवली होती म्हणे.

"बाई, मले एक सांगा. तो आकडा नगमानंच तपासला न?"

मी लाल पेनाचं टोपण लावलं. मग म्हटलं, "हो. तिच्याकडे पाठवला होता."

"तिनं बरोबर म्हटलं?"

"बरोबर आहे, असं तिनं कळवलं होतं."

"तुमी नाही पाह्यला?"

"मी... वरवर."

"बरं. ठीक आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. एकोणीसचा आकडा तिच्याकडे गेला होता आणि ती बरोबर म्हणाली होती. अध्यक्षांनी एकोणीस की सतरा हे विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आणि चांगली गोष्ट अशी की ऑर्डर टाइप व्हायच्या दिवशी ते स्वतःहून नगमाची चौकशी करताहेत. तिचं नाव त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पाटीचा उपयोग झाला म्हणायचा.

देवीदासांना हे सांगितलं तर त्यांनी पेपर खाली केला. "त्याहीनं तुले असंच इचारलं? तू नाही पाह्यला का, असं?"

"हो."

"अन् तू वरवर म्हटलं."

"मग काय म्हणू?"

त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. बायकोच्या चांगल्या बातमीवर या माणसाला कधी आनंद झाल्याचं मला आठवत नाही.


१७ डिसेंबर, बुधवार

नगमाचे दोन फोन. उचलले नाहीत. पेपर तपासते आहे असं स्वतःला सांगितलं, आणि मग खरंच तपासायला बसले. एका मुलानं लिहिलंय, 'सात मूळ आहे म्हणून सात एक्केही मूळ.' शेरा मारायला लाल पेन उचललं. दोनशे एकोणचाळीसनं भाग जातो, एवढंच लिहिलं. गुण मात्र कापले.


१९ डिसेंबर, शुक्रवार

निमंत्रणपत्रिका आली. चकचकीत. 'अखंड एकतेचे प्रतीक असलेली अविभाज्य संख्या.' स्वागत: प्रा. रागिणी. माझ्या नावापुढे थोडी जागा सुटलेली आहे. स्टाफरूममध्ये एकानं म्हटलंच, "बाई, एवढ्यात प्राचार्य मावते." सगळे हसले, मीही हसले.

दुपारी नगमाचा संदेश: 'मॅडम, सतराचे दोन तुकडे होतात हे तुम्हालाही कळलंच असेल. पाहुणे यायच्या आधी मी अध्यक्षांना सांगू का? पाटीवर माझं नाव आहे.'

म्हणजे तिला माहीत आहे. केव्हापासून? तो चहाचा कप आठवला. त्या दिवशी ती मला विचारत होती, आणि मी तिला भिंतींच्या कानांबद्दल सांगत होते.

मी उत्तर लिहिलं: 'मुळीच नको. ऑर्डर हातात पडू दे. मग पाहू.' तिच्या भल्याचंच आहे हे. ऑर्डरआधी तिनं तोंड उघडलं तर अध्यक्षांना वाटेल, चूक हिचीच. आणि न उघडलं तर काय वाटेल, हा विचार मी संध्याकाळी पाचपर्यंत लांबवला. पाचनंतर तो आपोआप आला.

तिचं उत्तर: 'बरं मॅडम.'


२० डिसेंबर, शनिवार

सकाळी अध्यक्षांच्या कार्यालयातून फोन आला. कार्यक्रमात थोडा बदल. अनावरणाआधी प्रा. नगमा परवीन पाहुण्यांसमोर, सगळ्या सभेसमोर, आकडा तपासल्याची रीत समजावून सांगतील. अध्यक्षांची खास सूचना.

खास सूचना. मी पत्रिका उघडून बसले. मंगळवारचा फोन शब्दागणिक आठवला, आणि या वेळी तो मला वेगळा ऐकू आला. त्यांना माहीत आहे. मंगळवारीच माहीत होतं. ते चौकशी करत नव्हते, चूक ज्याच्या गळ्यात घालता येईल असा माणूस शोधत होते, आणि मी त्यांना पत्ता दिला.

रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. अंगणात उन्हात बसले होते, पुढ्यात संत्री. म्हणाले, "या बाई. बसा. संत्र घ्या."

"आकडा चुकलाय," मी उभ्यानंच म्हटलं. "सतरा एक्क्यांचे दोन तुकडे होतात."

"मालूम आहे. पाहुण्यानं फोनवरच तोडून दाखवला. मी म्हटलं पत्रिका छापून झाल्या, तुमी मांडवात काही बोलू नका."

"चूक नगमाची नाही. तिनं एकोणीस तपासले होते. सतरा चालतील असं मी म्हटलं, न तपासता. तिला मी सतरा दाखवलेच नव्हते. पाटीवर नावही मीच टाकायला लावलं."

संत्र्याची साल अर्धी निघाली होती. ती तशीच हातात धरून ते माझ्याकडे पाहत राहिले.

"मंगळवारी इचारलं होतं न बाई मी?"

माझ्या तोंडाला उत्तर नाही असा प्रसंग संस्थेत कोणी पाहिला नसेल. सुदैवानं अंगणात दुसरं कोणी नव्हतं, असं त्या क्षणीही माझ्या मनात येऊन गेलं.

"तिला सभेत उभं करू नका," मी म्हटलं. "मला करा."

"कोनालेच नाही करत. तमाशा आपलाच होते." फोन उचलून त्यांनी जहीरभाईंना सांगितलं, कोनशिला फाटकाजवळ न्या आणि दोन्ही खांब बसवा, उद्या दिवस मावळायच्या आत. एका मिनिटाचं काम होतं. मग मला म्हणाले, "अन् तुमी ते वास्तू म्हणून राहिल्या होत्या. खरं सांगतलं असतं तर मी त्याच दिवशी दगड उचलला असता."

"आणि तिची ऑर्डर?"

"ते बुधवारीच निघाली. सह्या झाल्या."

"कायम?"

"अकरा महिन्याची." साल पुन्हा सोलू लागले. "काय करणार होतो? ज्या बाईचं एक काम चुकलं तिले कायम कसं करू, असं मेंबर लोक म्हणत होते. मीच म्हटलं, एकदम काढू नका, अकरा महिने पाहू."

"पण तिचं काम चुकलंच नव्हतं. आता कळलं न तुम्हाला."

"आता कळलं. ठराव बुधवारी झाला. पुढची मीटिंग जूनमध्ये आहे, तवा ठेवू." फोड माझ्यापुढे धरली. "तुमी मात्र मले आज आवडल्या, खरं सांगतो. आपल्या तोंडानं आपली चूक सांगणारा माणूस आजकाल भेटत नाही. एक तारखेपासून तुमी खुर्चीवर बसा. मेंबरायले मी सांगतो, असाच प्राचार्य पाह्यजे."

मी फोड घेतली. नको कशी म्हणणार होते, हातात दिली होती.


२२ डिसेंबर, सोमवार

अनावरण झालं. एकोणीस खांब उन्हात उभे. शेवटच्या दोघांच्या बुडाशी सिमेंट अजून ओलं होतं. पाहुणे चांगलं बोलले. अशी संख्या किती विरळा, एकोणिसानंतर तेवीस एक्क्यांची येते आणि तिच्यानंतर थेट तीनशे सतरा एक्क्यांची, मधे एकही नाही, हे ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, आमच्यातही मधे कोणी नाही. आणखी टाळ्या.

नगमाला लखोटा दिला गेला. तिनं तो मंचावर उघडला नाही. खाली जाऊन खुर्चीवर बसून उघडला, वाचला, पुन्हा घडी घातली. तिची आई, आयशाबी, शेजारी बसली होती. तिनं काहीतरी विचारलं, नगमानं मान हलवली. आयशाबीनं मांडीवरचा मिठाईचा डबा खुर्चीखाली सरकवला.

त्यानंतर माझ्या प्राचार्यपदाची घोषणा झाली. हार बराच जड होता.


२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मीच नगमाला फोन केला. सगळं सांगितलं, मंगळवारचं सुद्धा.

म्हटलं, "मी खुर्ची घेते आहे ती तुझ्यासाठीही आहे. आत राहूनच काही करता येतं. जूनच्या मीटिंगमध्ये पहिला विषय तुझाच."

"अभिनंदन मॅडम."

"धामणगावचं काय?"

"ती जागा भरली. काल विचारलं मी."

मला वाटलं ती चिडेल. मी तयारही होते. चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं.

"मॅडम, एक काम होतं," म्हणाली. "पाटीवरून माझं नाव काढायचं आहे. जहीरभाई म्हणतात, संस्थेचं पत्र लागते."

"अगं, पण आता कशाला? आता एकोणीस आहेत. तूच तपासलेले. आता तर ते नाव खरं झालं."

"आकडा खरा झाला, मॅडम. नाव मला दुसरीकडं अर्ज करायला लागणार आहे."

मी म्हटलं, नाव पाटीवर राहिलं तरी अर्जावर लिहिता येतंच. तिनं समजावलं नाही. पत्र केव्हा मिळेल, एवढंच विचारलं.

देवीदासांना म्हटलं, पाहा, आकडा बरोबर झाला तर हिला नाव नको आहे. ते डबा घेऊन निघाले होते. चप्पल घालत म्हणाले, "देऊन टाक पत्र. इचारत नको बसू."

दुपारी एक तारखेसाठी छापून आलेल्या प्राचार्यांच्या नव्या लेटरहेडवर, आठवडाभर आधीच, पत्र लिहिलं. हे माझं पहिलंच. 'पाटीवरील नाव कमी करणेबाबत' इतकं लगेच जमलं. खाली 'कारण' असं लिहून पेन धरून बसले. घंटा झाली, दुसरी झाली. कारणांची मला कधी वाण पडली नाही. या महिन्यात तर सहा तयार होती.

शेवटी ती ओळ कोरी ठेवून सही केली आणि पत्र अकोल्याला पाठवून दिलं.